‘कॅटल’ : एका शब्दाचें कुळ

इंग्रजी शिकूं लागलेल्या मुलाला ‘कॅटल’ हा शब्द फार लवकर भेटतो. कॅटल म्हणजे गुरें, असें शिक्षक सांगतात. मूल तें घोकतें आणि पुढें जातें. शब्द इतका साधा, कीं त्याची चौकशी करावी असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. परंतु त्याची वंशावळ चाळली तर मूळपुरुषाच्या जागीं गायही नाहीं आणि बैलही नाहीं. तेथें आहे डोकें.

लॅटिन भाषेंत ‘कापुट्’ म्हणजे डोकें. त्यावरून ‘मुख्य’ या अर्थाचें विशेषण झालें, आणि मध्ययुगीन लॅटिनांत ‘कापिताले’ म्हणजे मालमत्ता असा अर्थ रूढ झाला. फ्रान्समध्यें या शब्दाचीं दोन रूपें झालीं : उत्तरेस, नॉर्मंडीच्या बाजूला ‘कातेल’ आणि मध्य फ्रान्सांत ‘चातेल’. 1066 मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यांची भाषा दरबारांत व न्यायालयांत रुजली आणि तेराव्या शतकापर्यंत हीं दोन्ही रूपें इंग्रजींत आलीं. तेव्हां त्यांचा अर्थ एकच, मालमत्ता. त्या काळचा इंग्रज आपलें ‘कॅटल’ म्हणे, तेव्हां त्यांत घरांतील चीजवस्तूही येई.

पण खेड्यांतील माणसाची जंगम मालमत्ता ती कोणती? मुख्यतः जनावरें. म्हणून शब्द हळूहळू गोठ्याकडे सरकला. प्रथम त्यांत घोडे, मेंढ्या, डुकरेंही मोडत. पुढें तो बहुधा गाईबैलांपुरताच उरला. सोळाव्या शतकाच्या सुमारास दोघां भावांची वांटणी झाली : जनावरें ‘कॅटल’च्या वांट्याला गेलीं आणि कायद्यांतील जंगम वस्तु ‘चॅटल’च्या. ‘कॅपिटल’ हा तिसरा भाऊ. त्यानें पुढें भांडवल सांभाळलें. गोठा, कचेरी आणि पेढी, तिन्ही ठिकाणीं एकच घराणें नांदत आहे.

दुसऱ्या एका घराण्यानें नेमका उलट प्रवास केला, आणि तें आपल्या ओळखीचें आहे. संस्कृत ‘पशु’, लॅटिन ‘पेकु’ व जुन्या इंग्रजींतील ‘फेओह’ हे सख्खे शब्द होत. संस्कृत व लॅटिनांतील ‘प’च्या जागीं इंग्रजी-जर्मन शाखेंत ‘फ’ येतो. पितृ आणि फादर, पद आणि फूट हीं त्याचीं प्रसिद्ध उदाहरणें. हा नियम याकोब ग्रिम यानें 1822 मध्यें पद्धतशीर मांडला. लॅटिनांत पशुवाचक शब्दावरून ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा हा शब्द झाला. ‘फेओह’चा अर्थ तर गुरें आणि पैसा असा दोन्ही होता. आपणही गोधन व पशुधन म्हणतोंच. एका घराण्यांत गुरांचा पैसा झाला, दुसऱ्यांत मालमत्तेचीं गुरें झालीं.

येथवर ही शब्दांची करमणूक आहे. परंतु ‘चॅटल’ची कथा येथें थांबत नाहीं. अटलांटिक महासागरापार विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी माणसांनाही कायद्यानें याच सदरांत घातलें. 1781 मध्यें जमेकाकडे निघालेल्या ‘झाँग’ नांवाच्या इंग्रजी जहाजावरून 130 हून अधिक गुलाम जिवंत समुद्रांत फेकण्यांत आले. पिण्याचें पाणी अपुरें होतें, अशी सबब सांगण्यांत आली. जहाजाच्या मालकांनीं विमेवाल्यांकडे दरडोई तीस पौंड मागितले. 1783 मध्यें लंडनच्या न्यायालयांत त्यांच्या वकिलानें हा केवळ मालाचा, ‘चॅटल’चा वाद आहे असें प्रतिपादिलें, आणि ज्यूरीच्या लेखीं हें प्रकरण घोडे समुद्रांत फेकल्यासारखेंच होतें, असें सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं नमूद केलें. ज्यूरीनें प्रथम मालकांना अनुकूल निकाल दिला. पुढें फेरचौकशीचा हुकूम झाला. पण खुनाचा खटला कोणावरही चालला नाहीं.

1833 मध्यें ब्रिटिश पार्लमेंटानें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला, तेव्हां भरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले. ते मालकांना, गुलामांना कांहीं नाहीं. मालमत्ता गेली होती ती मालकांची, असा तो हिशेब. कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान या कायद्यांतून वगळला होता. येथें 1843 च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकीहक्काला न्यायालयाचा आधार उरला नाहीं. आपणांस दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं : पेशवाईच्या दप्तरांतही कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेतच.

‘कॅटल’ला इंग्रजींत एकवचन नाहीं. गुरें मोजावयाचीं झालीं तर इतकीं ‘डोकीं’ असें म्हणावें लागतें. हजार वर्षांची भटकंती करून शब्द पुन्हां डोक्यापाशीं आला. मोजणीच्या वहींत डोकें पुरतें. तेथें नांव लागत नाहीं. आपला शेतकरी मात्र बैलालाही सर्जा म्हणून हांक मारतो, आणि पोळ्याच्या दिवशीं त्याला ओंवाळतो. ‘झाँग’वरून समुद्रांत लोटलेल्या माणसांची वहींत किंमत होती, संख्या होती. त्यांच्या आयांनीं त्यांना ठेवलेलीं नांवें मात्र तेथें कोणी लिहिलीं नाहींत.