मुदत सरलेले मंडळ व विधानसभेची देखरेख

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भासाठी स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद झाली. मंडळाच्या कार्याचा अहवाल प्रतिवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, हा तीतील खरा अंकुश होय. मंडळ प्रत्यक्षात आले ते मात्र १९९४ मध्ये, म्हणजे दांडेकर समितीने अनुशेष मोजल्यावर दहा वर्षांनी! पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली, आणि मंडळाबरोबर अहवालाचा आधारही गेला. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नदीवरील जिगाव सिंचन प्रकल्पाचे काम व त्यावरील खर्च मात्र चालूच राहिला. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब तपासते. प्रदेशास न्याय्य वाटा मिळाला काय, हा प्रश्न मुख्यतः तिचा नव्हे. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंडळाच्या पुनर्रचनेचा निर्णय घेतला. तथापि त्यास राष्ट्रपतींचा आदेश लागतो.