नालापाणीची तहान

इंग्रज-नेपाळ युद्ध सुरू झाले १८१४ साली. देहरादूनजवळच्या नालापाणी टेकडीवरची खलंगा गढी नेपाळचे सेनानी बलभद्र कुंवर लढवत होते. आत माणसे जेमतेम सहाशे, त्यांत बायका-मुलेही. ३१ ऑक्टोबरच्या हल्ल्यात इंग्रजांचे जनरल गिलेस्पीच पडले. गढी हटेना, तेव्हा इंग्रजांनी तिचे पाणी तोडले. करबलाची कथा ऐकत वाढलेल्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. ३० नोव्हेंबरला उरल्यासुरल्या सुमारे सत्तर जणांनिशी बलभद्र बाहेर पडले. पुढे ते रणजितसिंहांच्या फौजेत गेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या रणात कामी आले.

देहरादूनला इंग्रजांनी दोन स्तंभ उभारले. एक गिलेस्पींचा, दुसरा बलभद्र आणि त्यांच्या गुरख्यांचा. शत्रूची ही दिलदारी खरीच. शौर्य असे दगडावर राहिले. गढीतल्या बायका-मुलांची तहान मात्र आपणच लक्षात ठेवायची आहे.