बालाघाटचे हात आणि साखरपट्टा



प्रादेशिक सहकार्यातून ग्रामीण भागाचा आर्थिक विकास, असा विषय मला दिला आहे. या विषयावर बोलणारे विद्वान बहुधा ‘प्रदेशाप्रदेशांत सहकार्य सुरू झाले पाहिजे’ असे म्हणून आरंभ करतात. मी विद्वान नव्हे. माझे अर्थशास्त्र हजेरीपटावर आणि पगारपत्रकावर झालेले आहे. त्या शिक्षणाच्या बळावर सांगतो की, आपला बीड जिल्हा आणि पश्चिम महाराष्ट्राचा साखरपट्टा यांचे सहकार्य कित्येक दशके अखंड चालू आहे. एकाने पाणी, जमीन आणि कारखाना पुरवावा, दुसऱ्याने हात पुरवावेत. त्या सहकार्याच्या अटी कोणी ठरवल्या, हा खरा प्रश्न.

भूगोल आपणांस ठाऊकच आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर गोदावरी; गेवराई-माजलगावकडे काळी जमीन. पण पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या बालाघाटाच्या भागात माती हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मात्र १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या खटपटीतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्या वेळी बीड जिल्हा निजामी राजवटीतून सुटून जेमतेम दोन वर्षे झाली होती. शर्यतीत एकाने निम्मे अंतर कापल्यावर दुसऱ्याच्या पायांतली बेडी निघावी, तसा हा प्रकार.

ही तफावत कोणाच्या ध्यानातच आली नाही असे नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने मराठी प्रदेश एकत्र आणताना मागास भागाला निधी, शिक्षण आणि नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे वचन दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. वचनाचे काय झाले याचा हिशेब व्हायला १९८४ साल उजाडले. वि. म. दांडेकर यांच्या समितीने राज्यातील विकासाचा अनुशेष सुमारे ३१८६ कोटी रुपये काढला. पुढे १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. कागदावरच्या सहकार्याची कथा एवढीच.

आता फडावरच्या सहकार्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळानंतर बालाघाटातून बाहेर पडणाऱ्यांची संख्या फार वाढली. दसरा झाला की मुकादमाची गाडी गावात येते. आधीच दिलेली उचल फेडण्यासाठी नवराबायको मिळून निघतात, आणि त्या दोघांचा मिळून एक ‘कोयता’ होतो. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. माणसाला अवजाराच्या नावाने मोजण्याची ही रीत इतकी रुळली आहे की, मजूर स्वतःही ‘आम्ही दोन कोयते आहोत’ असेच सांगतो. फडाजवळ कोपी घालायची, पहाटे काळोखात ऊस तोडायला जायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि कारखान्याचे वाहन मध्यरात्री आले तर मध्यरात्री उठायचे. एक दिवस आजारपणात गेला की खाडा धरला जातो. मजुरी तर बुडतेच, वर दंड. वाढे विकून जे चार पैसे सुटतात त्यांवर रोजचा बाजार चालतो. पट्टा पडल्यावर हिशेब होतो, आणि पुष्कळदा त्यात उचल शिल्लक निघते. ती शिल्लक म्हणजेच पुढच्या वर्षीच्या कामाचा करार.

१९७६ साली जायकवाडीचे धरण पुरे झाले, त्याचा उजवा कालवा गेवराई-माजलगावकडे आला, आपल्याही जिल्ह्यात कारखाने निघाले. तरी डोंगरातला माणूस दर हंगामाला घाट उतरतोच आहे. कालव्याचे पाणी डोंगर चढत नाही.

हा मजूर आहे कोणाचा? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, मी टोळीचा म्होरक्या, मालक नव्हे. उसाचा शेतकरी कारखान्याचा सभासद असतो, त्याला मत असते. तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या भावातून वजा होतो, म्हणून त्यालाही मजुरीची वाढ जाचते. ‘सहकारी’ या शब्दाच्या आत तोडणाऱ्याला जागाच ठेवलेली नव्हती. १९७९ साली संसदेने स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला, पण तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या कामगारांपुरता. बीडहून कर्नाटकात गेलेली टोळी त्यात बसे. बीडहून सांगलीला गेलेली बसत नसे. गंमत अशी की, आष्टीचा मजूर १९५६ पूर्वी नगर जिल्ह्यात जाताना राज्याची सीमा ओलांडत होता. महाराष्ट्र एक झाला, आणि हा कायदा आला तेव्हा त्याचे संरक्षण या मजुरापर्यंत पोहोचू शकले नाही. म्हणून संयुक्त महाराष्ट्र नको होता असे मी म्हणत नाही. एकी झाल्यावर हिशेब बंद झाला, एवढे म्हणतो.

या अवस्थेत जे काही हाती लागले ते कोयता बंद ठेवून. तोडलेला ऊस पडून राहिला तर वजन घटते, उतारा घटतो. गाळप एक दिवस थांबले तरी कारखान्याला ते सोसत नाही. मजुराजवळ दुसरे भांडवल नव्हते, हे एक होते. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या काळात संप झाले, लवाद बसले आणि साखर संघाला मजुरांच्या प्रतिनिधींसमोर दराचा करार करावा लागला. २०२० साली १४ टक्के वाढ मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के. माझ्या मते दोन प्रदेशांमधला खराखुरा, जिवंत करार हाच. त्यावर मुख्यमंत्र्यांची सही नसली तरी त्याची अंमलबजावणी दर टनाला मोजता येते.

पण दर वाढला म्हणजे सारे झाले असे मानणाऱ्यांपैकी मी नव्हे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी आली. त्यांतल्या १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले होते. खाड्याचा दंड आणि हा आकडा यांचा संबंध काय, हे स्त्रियांना समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ उभे राहिले. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनामागे दहा रुपये द्यायचे, तितकेच शासनाने घालायचे, अशी योजना झाली. मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहे मंजूर झाली. नागपूर करारात जे मोघम होते ते येथे टनावर आले, म्हणून मी या दहा रुपयांना फार मोल देतो. आता उसाच्या रानात तोडणीयंत्रे उतरत आहेत. कोयता बंद ठेवण्याची ताकद यंत्रागणिक कमी होणार. तोवर महामंडळाच्या नोंदवहीत कोयत्याऐवजी माणसे लिहून घेतली पाहिजेत, आणि बाईचे नाव, तिचे ओळखपत्र, तिच्या मजुरीचे बँकखाते नवऱ्यापासून वेगळे झाले पाहिजे. या कामासाठी गावोगाव ग्रामसेवकाबरोबर बसणारी, लिहिता येणारी माणसे हवी आहेत. सभागृहात अशी पुष्कळ दिसतात.