आभासी वास्तवाच्या खेळांसाठी किफायतशीर ग्राफिक्स कार्डची निवड : एक ऐतिहासिक आढावा (२०१२ ते २०२२)

प्रस्तावना :

संगणकाने निर्माण केलेल्या विश्वात आपण प्रत्यक्ष वावरत आहोत असा अनुभव देणाऱ्या तंत्रास 'आभासी वास्तव' असे म्हणतात. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये सादर केलेला, डोक्यावर धारण करावयाचा दर्शक हा या तंत्राचा आरंभबिंदू मानला जातो. त्यानंतरची चार दशके हे तंत्र मुख्यत्वे प्रयोगशाळा, लष्करी प्रशिक्षण व खेळांची सार्वजनिक केंद्रे यांपुरते मर्यादित राहिले. निन्टेंडो कंपनीने १९९५ मध्ये 'व्हर्च्युअल बॉय' घरोघरी पोहोचविण्याचा प्रयत्न केला. परंतु केवळ तांबड्या रंगात चित्र दाखविणारे हे यंत्र अल्पावधीतच बाजारातून गेले. हे तंत्र सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येण्याची शक्यता २०१२ नंतर निर्माण झाली आणि तेव्हा खर्चाचा प्रश्न हेडसेटइतकाच संगणकातील ग्राफिक्स कार्डशी निगडित झाला. ग्राफिक्स कार्डची 'किफायत' कोणत्या निकषांवर ठरली व ते निकष कसे बदलत गेले, याचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पार्श्वभूमी :

ग्राफिक्स कार्डाचा विकास खेळांच्या मागणीतून झाला. थ्रीडीएफएक्स कंपनीचे 'व्हूडू' १९९६ मध्ये आले, तर एनव्हिडियाने १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' आणून 'जीपीयू' ही संज्ञा रूढ केली. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही कंपनी विकत घेतल्यानंतर या क्षेत्रात प्रामुख्याने दोनच स्पर्धक उरले. पामर लकी यांच्या 'ऑक्युलस रिफ्ट'साठी ऑगस्ट २०१२ मध्ये किकस्टार्टरवर अडीच लाख डॉलरचे उद्दिष्ट ठेवण्यात आले असता सुमारे २४ लाख डॉलर जमा झाले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी खरेदी करण्याचे जाहीर केले. परिणामी, कार्ड उत्पादकांना नवी बाजारपेठ दिसू लागली.

गरजेचे मोजमाप :

२०१६ मध्ये विक्रीस आलेल्या रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह या दोन्ही हेडसेटमध्ये एकूण २१६० × १२०० पिक्सेल होते व चित्र सेकंदाला ९० वेळा बदलत असे. म्हणजेच पडद्यावर दर सेकंदाला सुमारे २३ कोटी ३३ लाख पिक्सेल उमटत. भिंगामुळे येणारी विकृती सुधारण्यासाठी मूळ चित्र दोन्ही दिशांनी सुमारे १.४ पट मोठे काढावे लागे. त्यामुळे हा आकडा ४५ कोटी ७२ लाखांवर जात असे. याउलट १९२० × १०८० पिक्सेलच्या साध्या पडद्यावर सेकंदाला ६० चित्रांसाठी १२ कोटी ४४ लाख पिक्सेल पुरत. भार साडेतीनपटींहून अधिक वाढला होता.

त्याहून महत्त्वाची बाब वेळेची होती. प्रत्येक चित्र ११.१ मिलिसेकंदांत पूर्ण होणे आवश्यक होते. साध्या पडद्यावर एखादे चित्र चुकल्यास खेळ क्षणभर अडखळतो. डोक्यावरील दर्शकात मात्र मळमळ व चक्कर येऊ शकते. त्यामुळे सरासरी वेगापेक्षा वेगातील सातत्य हा निवडीचा निकष ठरला. दोन कार्डे जोडून आळीपाळीने चित्रे काढण्याची तोपर्यंतची रूढ पद्धतही येथे फारशी उपयोगी पडली नाही, कारण तिच्यामुळे विलंब वाढत असे.

किमतीचा संघर्ष (२०१४ ते २०१६) :

ऑक्युलसने मे २०१५ मध्ये जीटीएक्स ९७० अथवा आर९ २९० हे कार्ड शिफारशीत समाविष्ट केले. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ९७०ची किंमत ३२९ डॉलर होती. या कार्डाच्या ४ जीबी स्मृतीपैकी शेवटचा अर्धा जीबी संथ असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघड होऊन वाद झाला. तरीही शिफारशीमुळे ते मापदंड बनले. रिफ्टची किंमत ५९९ व व्हाइव्हची ७९९ डॉलर असल्याने कार्डावरील बचत निर्णायक होती.

एएमडीने जून २०१६ मध्ये आरएक्स ४८० आणून नेमके हेच मर्म गाठले. त्याची ४ जीबी आवृत्ती १९९ डॉलरला, तर ८ जीबी आवृत्ती २३९ डॉलरला होती. हे कार्ड मदरबोर्डमधून मर्यादेपेक्षा अधिक वीज घेत असल्याचे आढळल्याने जुलैमध्ये ड्रायव्हरद्वारे सुधारणा करावी लागली. त्याच महिन्यात एनव्हिडियाने २४९ डॉलरचे जीटीएक्स १०६० आणले. अशा रीतीने दोन वर्षांच्या आत आभासी वास्तवाचा किमान सुखद अनुभव देणाऱ्या कार्डाची किंमत लक्षणीय प्रमाणात घटली.

आज्ञावलीचे योगदान :

किफायत केवळ यंत्रामुळे वाढली असे म्हणता येत नाही. चित्र वेळेत तयार न झाल्यास आधीचेच चित्र मानेच्या नव्या दिशेनुसार सरकविण्याचे तंत्र २०१६च्या आरंभी उपलब्ध झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ऑक्युलसने त्यापुढे जाऊन, खेळ सेकंदाला ४५ चित्रांवर चालवून मधली चित्रे अनुमानाने भरण्याची सोय केली व किमान पात्रता जीटीएक्स ९६० पर्यंत खाली आणली. जे कार्ड आदल्या महिन्यात अपुरे होते, ते नव्या आज्ञावलीमुळे चालण्याजोगे ठरले.

बाजारपेठेची उलथापालथ :

ही घसरण टिकली नाही. आभासी चलनाच्या उत्खननामुळे २०१७–१८ मध्ये व पुन्हा २०२०–२१ मध्ये कार्डांची टंचाई निर्माण झाली आणि जाहीर किंमत व प्रत्यक्ष किंमत यांत मोठी तफावत पडली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलल्यावर या चलनासाठी कार्डांची गरज संपली. दरम्यान २०१९ मध्ये ३९९ डॉलरचे 'क्वेस्ट' आले. त्यास संगणकाचीच आवश्यकता नव्हती. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस ते तारेने संगणकास जोडण्याची सोय झाल्याने कार्डाचा प्रश्न वेगळ्या रूपात कायम राहिला.

निष्कर्ष :

१) आभासी वास्तवासाठी किफायतशीर कार्ड म्हणजे सर्वांत स्वस्त वा सर्वांत वेगवान कार्ड नव्हे, तर विशिष्ट हेडसेटची वेळमर्यादा सातत्याने पाळणारे सर्वांत कमी किमतीचे कार्ड होय.

२) ही मर्यादा पिक्सेलसंख्या, चित्रगती व आज्ञावली यांनुसार बदलते, म्हणून एका काळातील शिफारस दुसऱ्या काळास जशीच्या तशी लागू होत नाही.

३) उत्पादकाने जाहीर केलेल्या किमतीवरून काढलेले निष्कर्ष टंचाईच्या काळात फसवे ठरतात. ग्राहकाच्या दृष्टीने प्रत्यक्ष बाजारभाव हाच खरा आधार असतो.

नवे तंत्र कोणाच्या आवाक्यात येणार, हे त्याच्या शोधकाइतकेच अशा मध्यम किमतीच्या घटकांवर अवलंबून असते, ही बाब या दशकाच्या इतिहासातून अधोरेखित होते.