पाणचक्की : नहर आणि जातें

पवनचक्की आणि पाणचक्की हे दोन शब्द उच्चारानें इतके जवळ आहेत कीं, छत्रपति संभाजीनगर, म्हणजे २०२३ पूर्वींचें औरंगाबाद, येथील प्रसिद्ध वास्तूस 'पवनचक्की' म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस अनेक वेळां भेटले आहेत. कोपरखैरण्यासारख्या ठिकाणीं, जेथें आमचें वास्तव्य आहे आणि जेथें ठाण्याच्या खाडीवरचा वारा पावसाळ्यांत खिडकी उघडूं देत नाहीं, हा घोटाळा अधिकच सहज होतो. तो फुटावा आणि जमल्यास त्यापलीकडचेंही कांहीं हातीं लागावें, म्हणून रात्रीच्या आगगाडीनें ठाण्याहून निघून आम्ही ती वास्तु पाहून आलों.

आधीं शब्दांचा विचार करूं. आपलें 'जातें' हें संस्कृत 'यंत्र' शब्दाचें प्राकृतांतून आलेलें रूप होय. मराठी घरांतील यच्चयावत् यंत्रांत 'यंत्र' हें नांव एकट्या जात्यानेंच वंशपरंपरेनें राखलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. विहिरीवरील 'रहाट' हा 'अरघट्टा'चा वंशज. 'घरट्ट' म्हणजे दळण्याचा दगड. हिमालयाच्या पहाडांत ओढ्याच्या पाण्यावर फिरणाऱ्या चक्कीस आजही 'घराट' म्हणतात, तें याच शब्दावरून. म्हणजे पाण्यावर फिरणारें जातें भारतास अपरिचित नव्हतें. दख्खनेस मात्र तें अपरिचित राहिलें. कां, तें पुढें पाहूं.

स्थानिक वाटाडे ही चक्की मलिक अंबरानें बांधली असें बेधडक सांगतात. हें कालदृष्ट्या अशक्य आहे. मलिक अंबरानें १६१० च्या सुमारास खडकी हें नगर वसविलें आणि त्यास पाणी देणारी स्वतंत्र नहर खोदविली, हें खरें. परंतु तो १६२६ त वारला. पाणचक्कीच्या नहरीस १६९५ हें साल देण्यांत येतें आणि चक्कीस १७४४. ही चक्की ज्यांच्या तकियाची, ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडील नक्शबंदी फकीर. त्यांचे गुरु बाबा पलंगपोश हे गाजिउद्दीनखान फिरोजजंगाच्या फौजेबरोबर असत. गुरु १६९९ त व शिष्य १७१५ त निवर्तले. मुसाफिरांच्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनीं या दोघांचें वृत्त फारसींत संकलित केलें. सायमन डिग्बी या विद्वानानें त्याचें इंग्रजी भाषांतर २००१ मध्यें प्रसिद्ध केलें. तुर्कताजखान या निजामुल्मुल्काच्या पदरच्या सरदाराकडे चक्कीचें कर्तृत्व दिलें जातें; तें साल शाह महमूद यांच्या कारकीर्दींत पडतें.

या दोन सालांमधील पन्नास वर्षांचें अंतर आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. पाणी आधीं आलें, तें वजूसाठीं, पिण्यासाठीं, बागेसाठीं. जातें मागाहून त्या पाण्यास जोडलें गेलें. प्रेक्षक मात्र जात्यापाशीं थांबतो आणि नहर पाहतच नाहीं.

ती दिसत नाहीं हेंही खरेंच. हर्सूलच्या बाजूनें कित्येक मैलांवरून मातीच्या नळांतून हें पाणी जमिनीखालून येतें. वाटेंत ठिकठिकाणीं चुनेगच्ची उंच मनोरे आहेत. त्यांस 'बंब' म्हणतात. बंद नळांतील पाणी आपली मूळची पातळी गांठूं पाहतें, या एकाच नियमावर सर्व रचना उभी आहे. मनोऱ्यांत पाणी वर चढतें, नळांत कोंडलेली हवा तेथें सुटते, आणि पाणी पुन्हां खालीं उतरून पुढें चालूं लागतें. शेवटीं तें एका उंच भिंतीच्या माथ्यावर येऊन खालच्या लांबट हौदांत कोसळतें. पडणाऱ्या पाण्याचा आवाज आंत पाऊल टाकतांच ऐकूं येतो. चक्कीचें चक्र उभें नसून आडवें आहे. पाण्याचा लोट त्याच्या पात्यांवर पडतो. चक्राचा उभा दांडा खालच्या स्थिर तळींतून वर जाऊन वरची पाळी फिरवितो. मधें दांत्यांचीं चक्रें नाहींत. घरच्या जात्यांत खुंटा धरणारा हात वर असतो, येथें तो तळघरांत आहे, इतकाच काय तो भेद. हौदाच्या तळाखालीं खांबांवर तोललेलें मोठें दालन आहे. वर पाणी असल्यामुळें तें उन्हाळ्यांत गार राहतें. उरलेलें पाणी खाम नदीस मिळतें. राज्याच्या वक्फ मंडळाची कचेरीही याच आवारांत आहे.

आतां यात्रेकरूंसाठीं येथें पीठ होत नाहीं. पाणी पुरेसें असेल तेव्हां जातें फिरतांना पाहावयास मिळतें. आम्हांस तें मिळालें. पाळी रिकामी फिरत होती.

मग अशी चक्की दख्खनच्या गांवोगांवीं कां झाली नाहीं? पहिलें कारण पाण्याचें. आमचे ओढे पौषानंतर आटतात; बारमाही पाणी आणि त्यास पुरेशी उंची हीं दोन्ही एकत्र क्वचितच सांपडतात. मुसाफिरांच्या तकियानें तीं नहर बांधून मिळविलीं. कुणब्यास ती ऐपत कोठून? वाऱ्याचेंही तसेंच. इराणांतील सिस्तानांत पवनचक्क्या असल्याचें दहाव्या शतकांत अल्-मसूदी नमूद करतो. परंतु तेथें 'एकशेंवीस दिवसांचा वारा' एका दिशेनें वाहतो. आमचा जोराचा वारा पाऊस घेऊन येतो, आणि धान्य घरांत पडतें तेव्हां तो मंदावलेला असतो.

दुसरें कारण आम्हांस अधिक खरें वाटतें. तकियांत दळणारें कुटुंब नव्हतें, आणि पंगतीस बसणारे शेंकडों. त्यामुळें दळण हा तेथें खर्चाचा विषय झाला. गांवांत मात्र पहांटे जात्यावर बसणाऱ्या बायकांचे श्रम कोणत्याही वहींत चढले नाहींत. ज्याची किंमत लिहिलेली नाहीं, तें वांचविण्यासाठीं भांडवल कोण घालणार? राजधानी १७६३ त हैदराबादेस गेल्यावरही पाणचक्की राहिली, पण ती एकटीच राहिली. मराठी स्त्रीचा हात जात्यावरून सुटला तो पुढें इंजिनाची आणि विजेची गिरणी आल्यावर.

नहरीवर आतां शहर पसरलें आहे. पाया खोदणाऱ्या मजुरास खालच्या मातीच्या नळाची वार्ता नसते, आणि नळ फुटला तर जातें थांबेल. म्हणून उगमापासून हौदापर्यंत नहरीचा मार्ग आखून घेणें, उभ्या व पडलेल्या बंबांची मोजदाद करणें, त्यांची उंची आणि नळांचा व्यास नोंदविणें हें काम संभाजीनगरच्या अभ्यासकांनीं येत्या हिवाळ्यांतच हातीं घ्यावें. चार माणसें आणि एक पातळीयंत्र एवढ्यावर तें होण्याजोगें आहे.