घाटाखालचा सलाम

खोपोलीच्या तळ्याकाठी तुम्ही उभे आहात. अठरावं शतक सरत आलंय. नाना फडणिसांनी बांधून घेतलेल्या या तळ्याचे दगड अजून नवे आहेत, पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या नाहीत. शेजारी महादेवाचं देऊळ. बोरघाट उतरून आलेले बैल आणि तट्टं इथे दम खातात, वर जाणारे कंबर कसतात. तुमच्या अंगावर साधं धोतर आणि डोक्याला मुंडासं आहे, जात ओळखू यावी असं काहीच नाही. म्हणून समोरचा वाटसरू जरा थबकलाय. तुमच्या तोंडून काय निघतं याची तो वाट बघतोय.

कारण तोंड उघडलं की सगळं कळतं. पायरीवर संध्या उरकणारे भटजी नमस्कार म्हणतात. शिलेदार रामराम घालतो. गोसावी नमो नारायण म्हणून पुढे होतो. आणि त्या झाडापलीकडे, पाण्यापासून लांब, वेठीचं ओझं उतरवून उभा राहिलेला महार खाली वाकून जोहार घालतो. बाकीच्यांना जबाब मिळतो, कुणाला तोंडभर, कुणाला नुसती मान हलवून. त्याला काहीच मिळत नाही. जोहार लांबूनच घालायचा आणि घालून आणखी मागे सरायचं.

हा नुसता रिवाज म्हणून सोडून देऊ नका. मुंबईचे सोनार एकमेकांना नमस्कार म्हणू लागले, तेव्हा पुण्याहून पेशव्यांच्या दरबाराची तक्रार मुंबईला गेली होती आणि ९ ऑगस्ट १७७९ रोजी इंग्रज कंपनीच्या मुंबई सरकारने ठराव करून सोनारांना तो शब्द वापरायला मनाई केली होती. एका शब्दासाठी दोन सरकारं कामाला लागली. माणसाने माणसाला भेटल्यावर काय म्हणायचं, हे वरून ठरत होतं.

आता पुढे चला. १८३० साली घाटातून गाडीरस्ता होतो, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आपलं ठाणं मांडतं. मुंबईला ते १८१३ पासून आहेच. आता या वाटेवर छापील पुस्तकांचे गठ्ठे दिसू लागतात आणि त्यांच्याबरोबर चालणारे, मराठीच बोलणारे ख्रिस्ती उपदेशक. त्यांतला एक धर्मशाळेच्या ओट्यावर तुमच्याशेजारी टेकतो आणि सहज म्हणतो, "सलाम." तुमची जात त्याने विचारलेली नाही. तो शब्द त्याने कुठून घेतला हे त्याच्या गाठोड्यात आहे. मराठी बायबलात रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय उघडा. पौल तिथे एकामागून एक नावं घेऊन अमक्याला सलाम सांगा, तमकीला सलाम सांगा, असं लिहीत जातो. त्या यादीत बाया आहेत, नवरा-बायकोची जोडी आहे, दुसऱ्याच्या घरात राबणारी माणसं आहेत. सगळ्यांना एकच शब्द. मला तो अध्याय फार आवडतो. उपदेशाच्या पत्रात इतकी जागा त्याने नुसत्या माणसांची विचारपूस करायला दिली आहे.

आता कर्जत स्टेशनावर उतरा. १९०१ चा डिसेंबर, नाताळ जवळ आलाय. रेल्वेने घाट चढायला सुरुवात करून अडतीस वर्षं झाली. मुंबईहून आलेली गाडी इथे थांबतेच, कारण पुढे चढ आहे आणि त्यासाठी जादा इंजिन जोडावं लागतं. तेवढा वेळ सगळे पाय मोकळे करतात. कोळशाचा धूर, थंडी, फलाटावर पेरू विकणाऱ्या ठाकरांच्या बाया. तुम्ही तिसऱ्या वर्गाच्या डब्यात दाराशी आहात.

आत एक बाई बसली आहे, नऊवारीतली, कपाळ मोकळं, मांडीवर गीतांचं पुस्तक. दुसरी बाई पोराला कडेवर घेऊन चढते. तिची नजर त्या पुस्तकावर जाते. ती उजवा हात कपाळाशी नेते. "सलाम, बाई." बसलेली उठून उभी राहते. तिचाही हात कपाळाशी जातो, तितक्याच उंचीला. "सलाम. या, बसा इथं. कुठं निघालात?" "नगरला. भावाकडं."

त्या दोन हातांकडे नीट बघा. बोलण्यावरून तुमच्या लक्षात येतं, की बसलेली ब्राह्मणाच्या घरातून आलेली आहे आणि पोर घेऊन चढलेलीचं माहेर नगरकडच्या एका महारवाड्यात आहे. शंभर वर्षांपूर्वी खोपोलीच्या तळ्यावर यांच्या घरच्या बाया आल्या असत्या, तर एकीची सावली दुसरीने चुकवली असती. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे ब्राह्मण घरांतले पाळक झाले आणि त्यांच्यासमोर बसणारी बहुतेक मंडळी महार समाजातून आलेली होती. त्या मंडळीला सगळ्यांनी सगळ्यांना म्हणायचा एक शब्द लागणारच होता. नमस्कारावर जातीचा पहारा होता, जोहार तर तोंडातून काढून टाकायचाच होता.

पोर रडतं. त्याला पाणी हवंय. बसलेली बाई आपला तांब्या पुढे करते. किंचित थांबते, तुम्हाला ते दिसतं, आणि मग देते. पोर तोंड लावून पितं. उरलेलं पाणी ती खिडकीबाहेर टाकत नाही, तांब्या तसाच पायाशी ठेवते. सलाम म्हणायला क्षण पुरतो, तांब्या पुढे करायला कधीकधी वर्षं लागतात. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ ला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा व्हायला १९०० साल उजाडलं. सोवळं सुटताना जिवाची काय उलघाल झाली ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त जितक्या मोकळेपणाने लिहिलंय, तितकं दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला माहीत नाही. या डब्यातल्या बायांच्या हाती ते पुस्तक यायला मात्र अजून तीसहून जास्त वर्षं आहेत.

फलाटावर गोरा साहेब फेऱ्या मारतोय. हमाल त्यालाही सलामच ठोकतो. साहेब बघतही नाही. शब्द तोच, पण तिथे तो एकाच बाजूने जातो. म्हणून ख्रिस्ती लोक साहेबाचं अनुकरण करतात, असं गावात म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. डब्यातला सलाम जातो तसा परतही येतो, आणि खरा फरक तिथेच आहे.

मागे इंजिन लागतं, धक्का बसतो. तुम्ही उतरून घ्या. नेरळला जाऊन माथेरान चढायचंय. १९०७ नंतरची कुठलीही संध्याकाळ चालेल, म्हणजे छोटी गाडी मिळेल. वर साहेबांच्या आणि पारश्यांच्या बंगल्यांत सुट्टी चालू आहे. मागच्या अंगाला, चुलीपाशी, गोव्याचा आचारी आहे. कॅथलिक चर्चची घंटा वाजते. तो हातातलं काम ठेवून क्रुसाची खूण करतो. प्रार्थना संपल्यावर त्याचा मुलगा जवळ येतो, हात जोडून म्हणतो, "बेसांव दी, पाय." बाप त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला हा रोजचा पाठ. पोरांनी दिवेलागणीला आईबापांचा, आजी-आजोबांचा आशीर्वाद मागायचा. इथे सलाम नाही, बरोबरीही नाही. लहान-मोठं आहे, आणि त्यात माया आहे. नगरची मंडळी आणि हा आचारी एकमेकांना भेटले, तर आधी धर्म एक असल्याचं कळायलाच वेळ लागेल.

मग थेट १९७० नंतरची खोपोली, कारखान्यांची. कर्जत-खालापूरचा हा पट्टा मुंबईच्या कॅथलिक आर्चडायोसिसमध्ये येतो. रविवारची मिस्सा, आता लॅटिनमध्ये नाही, मराठीत. तुमच्या पुढे पाळीवरून थेट आलेला कामगार, बाजूला मल्याळी नर्स, मागे वसईकडचं एक कुटुंब. प्रभूची शांती एकमेकांना द्या, असं फादर सांगतात. आणि सगळे वळून हात जोडतात. हे आपोआप झालेलं नाही. भारतातल्या बिशपांनी मागितलं आणि रोमने एप्रिल १९६९ मध्ये मान्यता दिली, की चुंबनाऐवजी हात जोडून शांती द्यावी, किंवा एकाने आपले हात दुसऱ्याच्या ओंजळीत द्यावेत. ज्या नमस्कारावरून १७७९ साली ठराव झाला होता, तो इथे, त्याच घाटाच्या पायथ्याशी, सगळेच सगळ्यांना करताहेत. तुम्हीही करा, ती नर्स थांबली आहे.

आता आजचं कर्जत. रविवारची दुपार, फलाटावर वडापावची गर्दी. मुंबईकडे जाणारी लोकल लागलेली आहे. बाकावर एक वयस्क बाई बसल्या आहेत, निवृत्त शिक्षिका असाव्यात, पिशवीतून बायबलची कड दिसतेय. वडेवाल्याला त्या "काय रे, बरा आहेस ना?" म्हणाल्या. वर्गात शिकवलेल्या मुलाचे वडील भेटले, त्यांना नमस्कार म्हणाल्या. तरुणांचा एक घोळका "प्रेज द लॉर्ड, आंटी!" म्हणत पळाला, त्यांना त्यांनी हसून हात केला. आता तुम्ही.

"जय ख्रिस्त, मावशी."

"जय ख्रिस्त, बाळा." त्या सरकून जागा करतात. "आमचे वडील सलामच म्हणायचे. प्रभू येशूच्या नावाने सलाम. पत्राची सुरुवातसुद्धा तीच. आता सगळे जय ख्रिस्त म्हणतात. कुठल्या मंडळीतला तू?"

तुम्ही सांगता. त्या मान हलवतात आणि पुढचा प्रश्न येतो. "आडनाव काय? मूळ गाव?"

हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो. त्यातून नाती निघतात, सोयरिकी जुळतात, कुणाचा आजोबा कुणाच्या आजोबाबरोबर बोर्डिंगात होता ते कळतं. पण आडनाव आणि गाव मिळालं, की आजोबा कुठल्या आळीत राहत होते हेही कळतं, आणि लग्नाची बोलणी कधीकधी तिथेच थांबतात. मराठी मंडळ्यांनी सलाम शोधला, जय ख्रिस्त शोधला. या दुसऱ्या प्रश्नाचं काय करायचं ते अजून व्हायचंय, आणि ते व्हायला हवं.

तुम्ही आडनाव सांगायच्या आतच लोकलचा भोंगा वाजतो. मावशी उठतात, पिशवी सावरतात.

"राहू दे, पुढच्या रविवारी सांग. दहाला उपासना असते, पण साडेनवालाच ये. दारात उभं राहून आम्ही सगळ्यांना भेटतो."