फोलिक ॲसिडची गोळी आणि मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रिया

दिवस गेल्याचे कळले की नाशिकमध्ये सरकारी दवाखाना असो वा खाजगी, फोलिक ॲसिडची गोळी लिहून दिली जातेच. फोलिक ॲसिड म्हणजे ब-९ जीवनसत्त्व. त्याच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९२८ साली डॉ. लूसी विल्स इंग्लंडहून मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती स्त्रियांना एक गंभीर रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी असत, पण आकाराने मोठ्या. हाफकिन संस्थेत संशोधन करताना विल्स यांना दिसले की, मूळ निकृष्ट आहारात आहे. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त मार्माइट, दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातला नेमका घटक मात्र अजून सापडला नव्हता.

१९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणजे पान, म्हणून नाव फोलिक ॲसिड. पुढे १९४५ च्या सुमारास डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले आणि गोळी शक्य झाली.

शरीरात फोलिक ॲसिडचे रूपांतर टेट्राहायड्रोफोलेटमध्ये होते. डीएनए तयार करायला ते लागते. ते कमी पडले की पेशी वाढते, पण वेळेवर विभागत नाही. गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तपेशी मोठ्या का होत्या, याचे उत्तर हेच.

गर्भातही पेशी झपाट्याने विभागत असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे माहीतही नसते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून हवी. आधीच्या बाळात असा दोष असेल, तर डोस बराच जास्त लागतो. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या.

जेवणात पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, शेंगदाणे ठेवा. भाजी फार शिजवू नका, तिचे पाणी ओतून देऊ नका. शाकाहारी असाल तर ब-१२ ही तपासून घ्या. ब-१२ कमी असताना नुसत्या फोलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण नसांचे नुकसान चालूच राहते.

लग्न ठरलेल्या लेकीला, सुनेला हे आजच सांगा.